चौथ्या खांबापाशी बाक

कारखान्यात शाळेची बाके बनत. वर्षाला अकरा हजार, आणि तेवढीच डेस्के. पण एकशे दहा मीटर लांबीच्या त्या शेडमध्ये कामगाराला टेकायला एकही बाक नव्हते. तयार माल विक्रीचा आहे, त्यावर बसू नये, असे भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेले होते. अर्धवट मालावर बसायला कोणाची हरकत नव्हती, पण त्याला अजून पाय लागलेले नसत.

या शेडमध्ये एका गृहस्थांनी पंचवीस वर्षे ट्रॉली ढकलली. त्यांना सगळे पाऊलमास्तर म्हणत. शाळेत ते नववीपुढे गेले नव्हते. हे नाव त्यांना मिळाले ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, आणि ज्या कामामुळे मिळाले त्याच कामामुळे त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घराचा दरवाजा त्यांना बंद झाला. तो तेरा वर्षे बंद होता.

मास्तरांखेरीज ट्रॉलीवाले नऊ होते. लाकूड मागच्या दाराने येई. ते करवतीवर न्यायचे, तिथून रंध्यावर, मग भोके पाडायच्या मशीनवर, मग घासणीला, रोगणाला, सुकवणीला, शेवटी लोखंडी पाय जोडायला आणि पॅकिंगला. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात मशीन जसजशी विकत घेतली तसतशी जिथे जागा मिळाली तिथे बसवली होती. करवत पुढच्या दारापाशी, रंधा मागच्या भिंतीला, रोगणाची खोली मधोमध. एक फळी शेडमध्ये शिरल्यापासून बाक होऊन बाहेर पडेपर्यंत शेडच्या या टोकाहून त्या टोकाला अकरा वेळा जाई. ती स्वतःच्या पायांनी जात नसे.

त्या नऊ जणांत सगळ्यांत जुने होते भाऊजी. ते मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मास्तरांना कारखान्यात चिकटवले ते त्यांनीच. मास्तर त्यांना भाऊजी म्हणत म्हणून सगळा कारखाना भाऊजी म्हणू लागला, साहेबसुद्धा. पन्नाशीनंतर भाऊजींचा उजवा गुडघा दुपारी चारपासून सुजायला लागे. मग ते ट्रॉलीच्या कडेवर टेकत आणि मुकादम दिसला की उठत. मास्तरांनी पावले मोजायला सुरुवात केली त्याचे कारण हा गुडघा होता. दुसरे कोणतेही नव्हते.

मोजणी सोळा दिवस चालली. मास्तर स्वतः मोजत, पण त्यांचा भरवसा भाऊजींच्या मोजण्यावर जास्त होता. भाऊजी बोलता बोलता, भांडता भांडता मोजू शकत आणि त्यांचा आकडा चुकत नसे. ट्रॉलीच्या दांड्याला त्यांनी सुतळी बांधली होती. शंभर पावले झाली की एक गाठ. संध्याकाळी सुतळी सोडून मास्तरांच्या हातात देत आणि म्हणत, "घे, आजचा हार."

सोळा दिवसांनी आकडा निघाला. एका फळीमागे एक हजार नऊशे चाळीस पावले. मास्तरांनी चौकटीच्या वहीचे चार कागद चिकटवून नकाशा काढला. करवत मागच्या दाराशी, कारण लाकूड सगळ्यांत जड असते ते कापण्याआधी. टाकाऊ तुकडे तिथेच पडू देत, ते शेडभर मिरवण्यात अर्थ नाही. करवतीच्या हाताशी रंधा. लोखंडी पायांचा साठा दूरच्या गोदामात नको, जोडणीच्या टेबलाखाली हवा, एका दिवसाला पुरेल इतकाच. घासणी आणि रोगण शेजारी ठेवण्याचा मोह त्यांना झाला होता, चाळीस पावले वाचत होती. मग लक्षात आले की घासणीची धूळ ओल्या रोगणावर बसेल, आणि त्यांनी मध्ये सुकवणीच्या मांडण्या घातल्या. नव्या नकाशात पावले भरली सहाशे दहा.

पुढचा हिशेबही त्यांनी केला होता. एवढ्या कामाला एका वेळी चार ट्रॉल्या पुरणार. म्हणजे चौघे गाडीवर, पाच जण बसलेले, तासाने पाळी बदलायची. म्हणून नकाशात रंध्यामागे त्यांनी एक लांबट चौकोन काढला आणि आत पाचचा आकडा लिहिला.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरून बराच वेळ पाहिला. त्यांचे बोट त्या चौकोनावर थांबले.

"हे काय?"

"बाक."

"कशाला?"

"बसायला," मास्तर म्हणाले.

साहेब हसले. नकाशा त्यांना मनापासून आवडला होता. वार्षिक बंदच्या नऊ दिवसांत सगळी मशीन हलवली गेली. रंध्यामागे, नकाशात जिथे बाक होते, तिथे दुसरे भोके पाडायचे मशीन आले. चार ट्रॉल्या पुरतात हा हिशेब साहेबांनी जसाच्या तसा घेतला आणि मास्तरांना बोलावून विचारले, कोणते चार ठेवू? मास्तर म्हणाले, नऊही ठेवा. साहेब म्हणाले, मग मी निवडतो. त्यांनी वयावर निवड केली. वरचे पाच घरी गेले. भाऊजी बावन्न वर्षांचे होते.

खुद्द मास्तरांचे नाव त्या यादीत नव्हते, कारण त्यांना शेडचा मुकादम केले होते. ते नोकरी सोडू शकले असते. त्यांनी सोडली नाही. मुलगी तेव्हा आठवीत होती.

बहीण, म्हणजे अक्का, आठ दिवसांनी आली. आत आली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "ह्यांच्या पायांनी मोजलंस आणि ह्यांचेच पाय तोडलेस. आता घर मोज तुझं, किती पावलं आहे ते." आणि गेली.

त्यानंतर अक्का लग्नकार्यात भेटत राहिली, वर्षभराने फोनवर बोलायलाही लागली. रक्ताचे नाते होते, ते तुटायला वेळ लागतो आणि जुळायला कमी. भाऊजींचे तसे नव्हते. ते एका इमारतीच्या फाटकावर पहारेकरी झाले आणि मास्तरांशी एक शब्द बोलले नाहीत. मास्तरांची बायको गेली तेव्हा ते आले होते, पण दाराबाहेर रस्त्यावर उभे राहिले, चप्पल न काढता, आणि तसेच परत गेले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तर निवृत्त झाले. घरात ते आणि मुलगी. मुलगी जवळच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीवर असते. पहिल्या दोन महिन्यांत मास्तरांनी स्वयंपाकघर तीन वेळा लावले.

"बाबा, मीठ कुठे गेलं?"

"जिथे लागतं तिथे."

"म्हणजे कुठे?"

"शेगडीच्या डावीकडे. तू मीठ डाव्या हाताने टाकतेस."

"मी? चोवीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही."

"कोणी पाहिलं नसेल."

"माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवलंय," ती म्हणाली, आणि त्या रविवारी स्वयंपाकघर वाचवण्यासाठी तिने आपल्या जुन्या संगणकावर त्यांना एक खेळ लावून दिला.

खेळ वसाहत वसवण्याचा आहे. ओसाड माळावर पाच माणसे येतात. त्यांनी झाडे तोडायची, दगड फोडायचा, धान्य पिकवायचे, घरे बांधायची. खेळणाऱ्याला एकेका माणसाला बोट धरून चालवता येत नाही. त्याने फक्त ठरवायचे की कोणता माल कुठे रचायचा, कामाचे टेबल कुठे ठेवायचे आणि कोणते काम आधी. बाकी माणसे आपापली चालत राहतात. वरून पाहिले की ती बोटाच्या पेरापेक्षा लहान दिसतात.

पहिल्या दिवशी मास्तरांनी दहा मिनिटे पाहिले आणि अस्वस्थ झाले.

"हा माणूस एका ओंडक्यासाठी नदीपर्यंत जातोय. परत येतोय. परत जातोय. याला कोणी सांगत का नाही?"

"तुम्हीच सांगायचं, बाबा. तोच खेळ आहे."

दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांची वसाहत मुलीने पूर्वी कधी वसवली होती त्यापेक्षा चौपट मोठी झाली. दगड वखारीत आणून फोडण्याऐवजी त्यांनी फोडायचे टेबलच खाणीपाशी नेले. एक अख्खा दगड आणायला एक माणूस पूर्ण फेरी घाली, आणि त्याच्या विटा झाल्या की तेवढ्याच फेरीत वीस येत. चुलीच्या दोन्ही हातांना धान्याचे छोटे ढीग ठेवले आणि मोठ्या कोठारातून ते भरत राहतील असा क्रम लावला. वाटेत दार असले की माणूस ते उघडायला थबकतो हे त्यांनी तिसऱ्याच दिवशी हेरले आणि निम्मी दारे काढून टाकली. मुलीच्या मैत्रिणी मोबाइलवर त्यांच्या वसाहतीचे फोटो मागवू लागल्या.

मग एका सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक नवी ओळ आली. रिकामे: २.

सगळा माल जागेवर होता. वाहायला काही उरले नव्हते. दोन छोटी माणसे विहिरीपाशी उगाच फिरत होती. मास्तरांनी संगणक बंद केला.

दोन दिवसांनी मुलीने भाजी करताना डावीकडे हात घातला आणि तो रिकामा परत आला.

"मीठ परत हललंय. काय झालं?"

"काही नाही."

"बाबा."

"तिथे दोघं रिकामे झाले."

तिने हातातला डाव ओट्यावर ठेवला. भाऊजींना काढले तेव्हा ती आठवीत होती, पण अक्का दारात काय म्हणाली ते तिने आतल्या खोलीतून ऐकले होते. "खेळात रिकामे झाले तर चांगलं असतं," ती म्हणाली. "ते हिंडतात, गप्पा मारतात. खूश राहतात."

"काढत नाहीत त्यांना?"

"बटण आहे तसं. हाकलून द्यायचं. तुम्ही दाबलंत तर जातील, नाही दाबलंत तर राहतील."

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी संगणक उघडला. विहिरीजवळ लाकडाचे एक लांब बाक केले आणि मग बराच वेळ नुसते पाहत बसले.

अक्काचा फोन आला तो त्यानंतर दीड वर्षाने. "ह्यांचा गुडघा बदलायचाय," ती म्हणाली. "इस्पितळातून चौथ्या दिवशी सोडतात. आमचे तीन मजले, लिफ्ट नाही. तीन आठवडे जिना चढायचा नाही म्हणतात. तुझं घर तळमजल्यावर, इस्पितळ दहा मिनिटांवर. मी विचारत नाहीये, सांगतेय."

"भाऊजी तयार आहेत?"

"ते तयार नाहीत. गुडघा तयार आहे."

मास्तरांनी मोजायची टेप काढली. मागच्या खोलीतून न्हाणीघरात जायला दोन वळणे होती, पुढच्या खोलीतून एकही नाही. म्हणून खाट पुढे आली. खाटेची उंची चार बोटे वाढवली, म्हणजे उठताना गुडघा कमी वाकेल. पाणी, गोळ्या, चष्मा उजव्या हाताला. सतरंजी काढून टाकली. संगणकाचे टेबल मात्र हलवता आले नाही, कारण वीज घ्यायची जागा तेवढी एकच होती. ते खाटेसमोरच राहिले.

भाऊजी वॉकर धरून आले. पासष्ट वर्षांचे, केस पांढरे, दंड अजून ट्रॉलीवाल्याचे. मास्तरांनी दार उघडले तर ते त्यांच्या खांद्यावरून आत पाहत राहिले. अक्का म्हणाली, "चला आता, दारातच मुक्काम करणार का?" तेव्हा आत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेवरून उठून न्हाणीघरापर्यंत गेले आणि परत आले. खाटेच्या कडेला बसून त्यांनी उजव्या हाताच्या पाण्याकडे पाहिले, मग न्हाणीघराच्या दाराकडे. तेरा वर्षांनी मास्तरांशी बोललेले त्यांचे पहिले वाक्य असे होते:

"नऊ. इथेही वाचवलीस का माझी पावलं?"

त्यानंतर पाच दिवस भाऊजी बोलले नाहीत. म्हणजे मास्तरांशी नाही. मुलीशी बोलत.

"तुझ्या वडिलांना म्हणावं पंखा कमी कर."

मास्तर दोन हातांच्या अंतरावर बसलेले.

"बाबा, आतोबा म्हणताहेत पंखा कमी करा."

"ऐकू आलं."

"आतोबा, त्यांना ऐकू आलंय. मी पगारावर ठेवलेली पोस्टमन आहे का? टपाल टाकून टाकून माझी जीभ झिजेल."

अक्का हसू दाबत आत गेली. पंखा कमी झाला.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज अकराला येत. पहिल्या आठवड्यात दिवसाला पन्नास पावले, पुढे वाढवायची. भाऊजी ओठांत मोजत चालत. मास्तर त्यांच्याकडे पाठ करून पडद्यासमोर बसत. सातव्या दिवशी भाऊजी घामाघूम होऊन खाटेपाशी थांबले आणि बाईंना म्हणाले, "झाली पन्नास."

"अठ्ठेचाळीस," मास्तर पडद्याकडे पाहत म्हणाले.

कारखान्यात भाऊजींच्या आकड्यावर कोणी शंका घेत नसे. भाऊजींनी वॉकर उचलला, दोन पावले पुढे टाकली आणि मग खाली बसले. बाईंनी वहीत पन्नास लिहिले.

खाटेवर पडून माणूस किती छत बघणार? दहाव्या दिवशी भाऊजी पडदा पाहत आहेत हे मास्तरांना पाठीमागून कळले. थोड्या वेळाने, कोणालाही उद्देशून नाही असे, भाऊजी म्हणाले, "तो निळ्या शर्टाचा फुकट हेलपाटे घालतोय."

"दाराजवळच्या ढिगाला क्रमांक द्यायचा राहिला. त्याला तो दिसत नाही."

"मग दे की. तंगड्या तुटायच्या त्याच्या."

मास्तरांनी क्रमांक दिला. निळ्या शर्टाचा माणूस वाट बदलून दाराजवळच्या ढिगाकडे वळला. दोघांनीही ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आत भांडी घासत होती. भाऊजींनी उशी उभी केली आणि टेकून बसले.

"ते दोघं काय करताहेत?"

"रिकामे आहेत."

"मग काढून टाक. तुला येतं ते."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांनी खुर्ची वळवली. तेरा वर्षांत ते प्रथमच भाऊजींकडे तोंड करून बसले होते.

"बटण आहे त्याचं," ते म्हणाले. "मी दाबत नाही."

"तेव्हा दाबलंस."

"तेव्हा बटण साहेबांकडे होतं."

"आणि नकाशा?"

"नकाशा माझा होता," मास्तर म्हणाले.

भाऊजींनी मान हलवली. हे उत्तर त्यांना अपेक्षित नसावे. "तू म्हणायचास, भाऊजी, एकदा हे होऊ दे, मग तुम्ही बसाल. बसलो. तेरा वर्षं फाटकावर खुर्ची टाकून बसलो. कोणी आलं की उठायचं, गेलं की बसायचं. तुझ्या तोंडात साखर पडो."

भाऊजींनी पुन्हा पडद्याकडे बोट केले, जरा चिडूनच. "आणि हे काय, विहिरीपाशी? लांबट?"

"बाक."

"कशाला?"

"बसायला." मग ते म्हणाले, "त्या नकाशातही होतं."

"काय होतं?"

"बाक. रंध्यामागे. पाच जणांचं. चार ट्रॉल्या चालतील, पाच जण बसतील, तासाने पाळी बदलायची, असं धरलं होतं मी."

"आता रचून सांगतोस."

मास्तर उठले. कपाटाच्या वरच्या खणातून त्यांनी एक गुंडाळी आणली. साहेबांना दिलेल्या नकाशाची ती कच्ची प्रत होती. तिला सुतळी गुंडाळलेली होती आणि सुतळीला गाठी होत्या. भाऊजींनी चष्मा लावला. आधी सुतळी हातात घेतली आणि अंगठ्याखालून गाठी सरकवल्या. शेवटापर्यंत. मग गुंडाळी मांडीवर उलगडली. मागचे दार, करवत, रंधा. रंध्यामागे लांबट चौकोन, त्यात पाचचा आकडा. पेन्सिल फिकी झाली होती, पण आकडा वाचता येत होता.

अक्का ओले हात घेऊन दारात येऊन उभी होती. तिला कोणी बोलावले नव्हते.

"मी नोकरी सोडायला हवी होती," मास्तर म्हणाले.

"सोडून काय केलं असतंस? पाचाचे सहा झाले असते." भाऊजींची नजर कागदावरच होती. "पण येऊन सांगायला हवं होतंस. हे, बाकाचं."

"तुम्ही दार उघडलं नसतं."

"नसतं उघडलं," भाऊजी म्हणाले. "तरी यायचं होतंस."

पडद्यावर छोटी माणसे धान्य वाहत होती.

भाऊजींनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"रंध्यामागे?"

"हो."

"रंध्याचा भुसा कुठे उडायचा?"

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. पंचवीस वर्षे ट्रॉली आणि अकरा वर्षे मुकादमी, छत्तीस वर्षे ते त्या शेडमध्ये होते. "मागे," ते म्हणाले.

"मागे. म्हणजे पाच जणांनी तासभर बसून नाकातोंडात भुसा भरून घ्यायचा, आणि मग खोकत गाडीवर जायचं. पावलं मोजलीस, माणूस कुठे बसेल ते नाही पाहिलंस." त्यांनी बोट कागदावरून सरकवले. "इथे. चौथ्या खांबापाशी. वरची काच फुटलेली होती, वारा यायचा. मी तिथेच टेकायचो ट्रॉलीवर."

"तिथे सुकवणीच्या मांडण्या होत्या."

"मांडण्या दोन हात सरकल्या असत्या."

"दोन हात सरकल्या तर जोडणीच्या टेबलाला वळसा पडतो."

"किती?"

"सहा पावलं."

"सहा!" भाऊजी म्हणाले. "तेराशे पावलं वाचवलीस आणि सहासाठी मरतोस? सहा मी चाललो असतो."

अक्का म्हणाली, "चहा टाकू की भांडण संपल्यावर टाकू?" आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. चहा आला, त्यावर साय धरली, तरी चौथ्या खांबाचे मिटले नव्हते.

उरलेल्या नऊ दिवसांत दोघे फार बोलले असे नाही. जे बोलले ते वसाहतीबद्दल. भाऊजींनी विहिरीजवळचे बाक हलवायला लावले, कारण तिथून येणारे जाणारे घोळक्याने पाणी नेत आणि बसलेल्याला सारखे पाय आखडून घ्यावे लागत. ते झाडाखाली गेले. मग त्यांना ते कोठारापासून फार लांब वाटले. मास्तर म्हणाले, एकवीस. भाऊजींनी पडद्याला नाक लावून मोजले आणि म्हणाले, बावीस, सावलीच्या कडेपर्यंत धर. नोकरी, साहेब, फाटक, यातले काही पुन्हा निघाले नाही. मास्तरांची बायको गेली तेव्हा रस्त्यावर का उभे राहिलात, हे मास्तरांनी विचारले नाही.

जाण्याच्या दिवशी रिक्षा दाराशी उभी होती. भाऊजी वॉकर सोडून काठीवर आले होते. खाटेपासून निघाले, दारापाशी थांबले. मास्तर मागून पिशवी घेऊन येत होते.

"किती?" भाऊजींनी न वळता विचारले.

"चौदा."

"उंबरा धरलास?"

"पंधरा."

"हं," भाऊजी म्हणाले, आणि रिक्षात बसले. येतो म्हणाले नाहीत. अक्काने रिक्षातून हात केला, तिने भावाला नव्हे तर भाचीला सांगितले, "मीठ जागेवर ठेवायला सांग त्याला."

पुढची तपासणी सहा आठवड्यांनी होती. इस्पितळाच्या फाटकापाशी बस थांबते, तपासणीला पाऊण तास लागतो, आणि परतीची बस समोरूनच मिळते. मास्तरांच्या घरी वळायचे तर दहा मिनिटे जास्त चालावे लागते, नव्या गुडघ्याने पंधरा. त्या दिवशी मास्तर सकाळपासून पुढच्या खोलीत होते. मुलीने कामावर जाताना पाहिले की खाट मागच्या खोलीत परत गेली होती, पण खाटेच्या जागी, संगणकाच्या टेबलाजवळ, दुसरी खुर्ची होती. खिडकीच्या बाजूला, वारा येतो तिथे.

साडेबाराला काठीचा आवाज आला. भाऊजींनी दारात चप्पल काढली, ती नीट भिंतीला लावून ठेवली, आत आले आणि त्या खुर्चीवर बसले. गुडघा हळूहळू सरळ केला. दम खाल्ला. मास्तरांनी पाणी पुढे केले.

"किती रिकामे आहेत?" भाऊजींनी विचारले.

मास्तरांनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले.

"पाच."

"बसलेत?"

"चौघं बसलेत. एक उभा आहे."

भाऊजी पुढे वाकले आणि पडद्याकडे पाहू लागले.

"त्याला जागा कर," ते म्हणाले.